तेविसावं खातं

मंगळवार, २ डिसेंबर २०२५

नोटीस आली! माझ्या नावाची नाही — समोरच्या आशाबाईंच्या नावाची. कुकरची दुसरी शिट्टी झाली आणि त्या दारात उभ्या. हातात लांबडा लिफाफा. "मोनिका, हे सेबी म्हंजे कोण गं? मी कुणाचं काय खाल्लं बाई?"

मी वाचली. मृगनिधी सीड्स कंपनीच्या शेअरमध्ये फेब्रुवारी ते जुलैत तुमच्या खात्यावर झालेल्या व्यवहारांचा खुलासा करा. कोणताही कागद, फोन, नोंद नष्ट करू नका. खाली सही, शिक्का. पण तोंडानं म्हणाले, "काही नाही हो, रूटीन असतं. द्या माझ्याकडं, मी बघते." आणि त्यांनी दिली! चहा घेतला, इमरतीचा तुकडा तोंडात टाकला आणि गेल्या. एवढा विश्वास कुणी कुणावर टाकू नये.

ही वही पाच महिन्यांनी लिहायला घेतलीय. जानेवारीची पानं नाहीत. दिवाळीत कपाट आवरताना तेलाची बाटली लवंडली, पानं चिकट झाली, फाडून टाकली. जाऊ दे.

बुधवार, ३ डिसेंबर

दुपारपर्यंत अकरा फोन. सगळ्या बायकांना नोटिसा. तेवीसच्या तेवीस!

लिहून काढते, नाहीतर डोकं फुटेल. बारा वर्षं मी श्रीधरसरांच्या ऑफिसात टर्मिनलवर बसते. जालना रोड, दुसरा मजला. गिऱ्हाइकानं सांगायचं, मी शेअर घ्यायचे किंवा विकायचे. गेल्या संक्रांतीला सरांच्या डोक्यातून निघालं — हळदीकुंकवाला बायका येतातच, त्यांची डिमॅट खाती उघडून द्यायची. मोफत! वाण म्हणून खातं आणि वर एक स्टीलचा डबा. माझ्या घरी, हडकोत, एका दुपारी तेवीस खाती उघडली. बायकांनी सह्या केल्या, फोटो काढले, डबे घेतले, गेल्या. खात्याचं पुढं काय झालं हे एकीलाही माहीत नाही.

पुढं असं झालं. आशाबाईंच्या खात्यातून मृगनिधीचे शेअर विकायचे, त्याच मिनिटाला मुक्ताबाईंच्या खात्यात घ्यायचे. पाच मिनिटांनी उलटं. रोज भाव थोडा वर. बाहेरून बघणाऱ्याला वाटतं, अरे, काय मागणी आहे! चौदा रुपयांचा शेअर एक्क्याण्णववर गेला. कंपनी म्हणजे शेंद्र्याला एक पत्र्याची शेड आणि तिला कुलूप. मग बाहेरची माणसं धावत आली, आपला माल त्यांच्या गळ्यात घातला, आणि भाव धाडकन अकरावर. बटणं सगळी मी दाबली. सांगायचे सर. मी हुकमाची ताबेदार.

आणि पकडलं कशावरून? सर सांगत होते, फोटोवरून! खात्यासाठी काढलेले तेवीस फोटो, सगळ्यांच्या मागं माझ्या हॉलचा मोराचा पडदा. सगळ्यांच्या कपाळावर ताजं हळदीकुंकू. एकीच्या तर हातात तिळगूळ! कुणाला सुचलं नाही की पडदा बदलावा. आपल्या बायका फोटो म्हटलं की मोरापुढंच बसतात.

गुरुवार, ४ डिसेंबर

सरांनी केबिनमध्ये बोलावलं. दार लावलं. "बघ बेटा, झाकली मूठ सव्वा लाखाची. बाजारात भाव वरखाली होतोच, तो काही खून नाही. दंड भरू, संपलं. फक्त कागद राहता कामा नये."

दोन कामं सांगितली. एक — डबा फोन नाहीसा करायचा. तेवीस खात्यांचे ओटीपी त्या एकाच साध्या फोनवर यायचे, आणि सरांचे हुकूमही. व्हॉट्सॅप सापडतं म्हणून ते साधा मेसेज करायचे, खात्यांच्या नंबरांनी — "७ विका, १९ घ्या." दोन — बायकांकडून पत्रं घ्यायची, माझे व्यवहार मीच करते अशी. तारीख मागच्या फेब्रुवारीची.

मी म्हणाले, "सर, नोटिशीत स्पष्ट लिहिलंय, नष्ट करू नका."

"नोटीस त्यांना आलीय. तुला आलीय का?"

नाही आली. हे खरं.

"आणि लेखी काही ठेवू नकोस. डायरीबियरी लिहीत नाहीस ना?"

नाही म्हणाले! तोंडावर! आणि घरी येऊन हे लिहितेय.

शुक्रवार, ५ डिसेंबर

फोन हौदात टाकला. अतुल वाळूजला ड्यूटीवर, पोरगी शाळेत. काल पाणी आलं होतं, हौद काठोकाठ. झाकण उचललं, सोडला. डुबुक्. एवढासा आवाज. हौदात कोण बघायला जातंय!

रविवार, ७ डिसेंबर

पत्रं. सोळा झाली. आशाबाईंनी न वाचताच सही केली. तारीख बघून म्हणाल्या, "फेब्रुवारी कसं काय गं? आता तर स्वेटर घातलंय मी."

"कागद जुना आहे हो."

"बरं बरं."

त्यांचे मालक आत कॉटवर पडून होते. एसटीतून ड्रायव्हर म्हणून रिटायर झालेले. जूनमध्ये कुणाचं तरी ऐकून त्यांनी मृगनिधी घेतला, ऐंशीच्या पुढं भाव असताना. निवृत्तीचं सगळं त्यात गेलं. तेव्हापासून फिरायला जात नाहीत.

कुणाकडून घेतले त्यांनी? मला माहितीय. त्या दिवशी दुपारी सव्वादोनला आशाबाईंच्या खात्यातला माल मी बाजारात सोडला होता. नवऱ्यानं बायकोचेच शेअर घेतले. एका घरात राहून दोघांनाही पत्ता नाही. मी सही घेतली, "येते" म्हणाले, पायरी उतरताना ठेच लागली.

मंगळवार, ९ डिसेंबर

जेवण जात नाही. अतुल म्हणतो पित्त झालं असेल. व्हय, पित्तच.

रविवार, १४ डिसेंबर

पिशोरला जाऊन आले. तेविसावं खातं कडूआत्याचं आहे.

आई गेली तेव्हा मी सहा वर्षांची. आत्या तेव्हा नवऱ्याघरी नांदत होती तरी महिन्यातले पंधरा दिवस माझ्यासाठी माहेरी. मला शाळेत सोडायला रोज ओढा ओलांडून यायची, पाणी असलं की कडेवर घेऊन. फुवा, तिचे मालक, बारा-तेरा वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून ती पिशोरलाच. एकाहत्तर वर्षांची. सही येत नाही, अंगठा.

आत्याला त्या हळदीकुंकवाला बसवलं याचं मात्र मला कधी वाईट वाटणार नाही. आशाबाई कुरकुरल्या होत्या — "विधवा बाईला कसं गं?" मी म्हणाले, माझं घर, माझं कुंकू, ज्यांना चालत नसेल त्यांनी डबा घ्या आणि निघा. आत्याच्या कपाळाला मी स्वतः कुंकू लावलं. इतक्या वर्षांनी. ती पदरात तोंड घालून रडली. सगळ्या घोटाळ्यात तेवढं एक मी चांगलं केलं.

आज ती ओसरीवर अद्रक निवडत बसली होती. मी शेजारी बसले. अंगठा घेतला पत्रावर. मग पढवायला लागले — विचारलं तर म्हणायचं, शेअर मीच घेते, मीच विकते, मोनिकाला फोन करून सांगते.

"शेअर म्हंजी काय असतंय?"

"कंपनीतला वाटा गं."

"आन् म्या घेतला?"

"तसं म्हणायचं."

तिनं अद्रकीचा गड्डा तोडला, माती झटकली. माझ्याकडं बघितलं नाही. "म्हन परत. पाठ करते." चार वेळा म्हणून घेतलं माझ्याकडून. जात्यावर गाणं म्हणावं तसं हळूहळू म्हणत होती — मीच घेते, मीच विकते. निघताना पिशवीत दोन किलो अद्रक घातली. 

गुरुवार, १८ डिसेंबर

गुन्हा दाखल झाला! आशाबाईंच्या मालकांनीच फिर्याद दिली. कॉटवरून उठले आणि एकटेच आर्थिक गुन्हे शाखेत गेले. पोलिसांनी दुपारी ऑफिसातले सगळे कॉम्प्युटर सील करून नेले. सरांनी सगळ्यांना चहा मागवला, पोलिसांनाही. त्यांचा आवाज जराही हलला नाही. माझा जबाब घेतला, एक तास. मी म्हणाले, बायकांनी ऑर्डरी दिल्या, मी भरल्या. सगळी पत्रं दाखवली.

इन्स्पेक्टर बाई आहेत, माझ्याच वयाच्या. शाई बघत म्हणाल्या, "बावीस बायकांनी एकाच पेननं सह्या केल्या? छान आहे पेन."

सोमवार, २२ डिसेंबर

पाणी आलं नाही. पाइपलाइन फुटली म्हणे. मेलं या शहराचं पाणी! आज अठरावा दिवस.

शनिवार, २७ डिसेंबर

संपलं सगळं.

हौद आटला. चार दिवस टँकरही मिळाला नाही, तळाला गाळ दिसायला लागला. अतुल म्हणाला, रिकामा आहेच तर धुऊन काढतो. मी स्वयंपाकघरात होते. मला सुचलंच नाही! आठ-आठ दिवसांनी पाणी येणाऱ्या गावात जन्म गेला, आणि मी वस्तू लपवली कुठं? पाण्यात!

खालून त्याचा आवाज आला. "मोने, हे काय गं?"

वर आला. गुडघ्यापर्यंत गाळ, हातात फोन. त्यानं हा फोन ऑफिसात माझ्या टेबलावर पाहिला होता.  अंगणात उभा राहून नळाखाली धरायला गेला, नळाला पाणी नाही. मग बनियननं पुसला. बॅटरी काढली.

मी सगळं सांगितलं. उभ्या उभ्या. तो म्हणाला, "कोंबडं झाकलं म्हणून उजाडायचं राहतं का?"

"सरांनी सांगितलं होतं अतुल."

"हौदाचं झाकण सरांनी उचललं का?"

रविवार, २८ डिसेंबर

 फोन अतुलनं तांदळाच्या डब्यात खुपसून ठेवलाय.

बुधवार, ३१ डिसेंबर

फोन चालू झाला. हिरवा दिवा! तो साधा फोन, तेवीस दिवस पाण्यात-गाळात, आणि चालू झाला! मेसेज सगळे जागेवर. "७ विका, १९ घ्या." "आज २३ मधून सगळं काढ." सरांच्या नंबरावरून, तारीखवार.

अतुलनं डबा परत बंद केला आणि एवढंच म्हणाला, "तू ठरव."

मी काही ठरवलं नाही. नवीन वर्षाचा केक आणला पोरीसाठी.

सोमवार, ५ जानेवारी २०२६

आज आत्याचा जबाब. साठीच्या पुढच्या बाईला ठाण्यात बोलवत नाहीत म्हणून इन्स्पेक्टरबाईच पिशोरला आल्या. मी आधीच पोचले होते. मला ओसरीवरून उठवून बाहेर अद्रकीच्या ढिगाशी बसवलं. दार उघडंच होतं. सगळं ऐकू येत होतं.

मी मनात म्हणत होते, आत्या अडखळू दे. विसरू दे. तिला एक वाक्य धड पाठ होत नाही, हरिपाठात सुद्धा चुकते. ती चुकली की सगळ्यांना आपोआप कळेल, मला काही सांगावं लागणार नाही.

ती एक अक्षर चुकली नाही.

"आजी, शेअर म्हणजे काय?"

"कंपनीतला वाटा."

"एका दिवशी तुमच्या नावावर एकशे साठ ऑर्डरी आहेत. तुम्ही दिल्या?"

"व्हय. मला दुसरा उद्योग काय?"

"फोन कुठला वापरता?"

"शेजारनीचा."

"आजी, कुणी पढवलंय का? खरं सांगितलं तर तुम्हाला काही होणार नाही. हे असंच लिहून घेतलं तर गुन्हा तुमच्यावर येईल."

मी माती मुठीत धरून बसले होते. आत्या म्हणाली, "मंग माझ्यावर येऊ द्या. म्हातारीला काय करत्यात?"

मग बाईंनी तो फोटो दाखवला असावा.  आत्याचा आवाज आला, एकदम बारीक — "बाई, ह्यो फोटू मला मिळंल का?"

जीप गेल्यावर आत गेले. आत्या भाकरीचं पीठ मळायला बसली होती. मी म्हणाले, "आत्या, तुला कळत होतं ना ते काय म्हणाल्या?"

"न कळाया काय झालं? म्या अडानी हाय, येडी नाय."

"मग कशाला गं!"

"तू त्या दिवशी मला मानानं बसवलं. एवढ्या बायात. माझ्या सख्ख्या जावंनं बसवलं नसतं." तिनं पिठाचा हात माझ्या डोक्यावर ठेवला. "आता गप ऱ्हा. ज्याव."

जेवले मी. दोन भाकरी. ती वाढत होती.

शुक्रवार, ९ जानेवारी

सरांनी पेढे वाटले! खरंच, पेढे. आत्याचं नाव आरोपींत आलंय. एकटीचं. तिच्या खात्यातूनच सगळ्यात जास्त माल विकला गेला आणि तिनं स्वतः कबूल केलं. "सुंठीवाचून खोकला गेला, बेटा. वयाकडं बघून जामीन मिळेल त्यांना. तीन-चार वर्षं केस चालेल, तोवर..."

"तोवर काय सर?"

"अगं, सत्तरीच्या पुढचं माणूस."

पेढा माझ्या हातात होता. त्यांच्या टेबलावर, त्यांच्या काचेखाली तिरुपतीचा फोटो आहे, त्यावर ठेवला आणि उठले. बारा वर्षांत त्यांना न विचारता मी पहिल्यांदा केबिनमधून बाहेर आले.  खाली महापालिकेच्या प्रचाराच्या रिक्षा बोंबलत होत्या, त्यात मीही मोठ्यानं रडून घेतलं. कुणाला ऐकू आलं नाही.

सोमवार, १२ जानेवारी

अतुलनं वकीलबाई शोधल्या, उस्मानपुऱ्यात. तो फोन मी स्वतः तांदळातून काढून नेला. त्यांनी दोन तास ऐकून घेतलं. चष्मा काढला, पुसला.

"भाव फुगवण्याला शिक्षा आहेच, तीही साधी नाही. पण तुम्ही लोकांनी त्यावर काय केलंत? फोन बुडवला, खोट्या तारखेची पत्रं केली, साक्षीदार पढवले. कोर्टाला चोरीपेक्षा याचा राग जास्त येतो."

मी विचारलं, आत्या सुटेल का.

"फोनवरून श्रीधरचे हुकूम सिद्ध होतील. पण आत्यांना काही ठाऊक नव्हतं हे कोण सांगणार? त्यांनी स्वतः लिहून दिलंय की मीच केलं. श्रीधर म्हणेल, म्हातारी आमच्यात सामील होती. खातं उघडलं त्या दिवशीचं काही आहे का? त्या वेळचं, नंतर बनवलेलं नको. बनवलेलं पुष्कळ झालं."

अतुल पटकन म्हणाला, "ही वही लिहिते."

मी त्याच्याकडं बघतच राहिले. याला कधीपासून माहीत?

वकीलबाईंनी वही मागितली. पिशवीत होतीच. चाळली. जानेवारीपाशी थांबल्या, फाटलेल्या कडांवरून बोट फिरवलं. "ही पानं?"

"तेल सांडलं होतं."

त्यांनी पान हुंगलं. खरंच, नाकाशी नेऊन हुंगलं! वही मिटून माझ्यापुढं सरकवली.

"नीट ऐका. तुम्ही हुकमाच्या ताबेदार होता, सरांनी सांगितलं ते केलंत, असं निघालं तर माफीचा साक्षीदार म्हणून प्रयत्न करता येईल. तुम्हाला मुलगी आहे. मी करीन प्रयत्न. पण मधली पानं फाडलेली वही कोर्टात एक मिनिट टिकणार नाही. मग आत्यांसाठी माझ्या हातात काही राहत नाही. आणि त्या पानांत तुमच्याच विरुद्ध काही असेल, तर साक्षीदार विसरा. तुम्ही आरोपी. तेल सांडलं असेल तर सांडलं. मी पुन्हा विचारणार नाही."

रिक्षात वही पिशवीच्या तळाशी घातली. 

बुधवार, १४ जानेवारी

संक्रांत. दार लावून बसलेय. यंदा हळदीकुंकवाचं नाव नको. पोरगी विचारत होती, "मम्मी, वाण काय देणार आपण?" तिला ओरडले, मग जवळ घेतलं.

समोर आशाबाईंकडं बायका जमल्यात. मला बोलावलं नाही. बरोबरच आहे त्यांचं. खिडकीतून दिसत होतं, मुक्ताबाई डबा न घेताच निघाल्या.

दुपारी आत्याचा फोन, शेजारणीच्या मोबाइलवरून. पोलीस पाटलानं तिला समन्स वाचून दाखवलंय. तेवीस तारखेला कोर्टात. घाबरली असेल म्हटलं, तर म्हणते कशी, "लुगडं कंचं नेसू गं? आन् तितं तो फोटू मागता यील का? जजसायबाला?"

"कशाला पाहिजे गं तुला तो फोटो?"

"ठिवते की देवापशी. म्या मेल्यावर त्योच लावा भितीला. कुंकवाचा."

मला पुढं ऐकवेना. तिळगूळ घे, गोड बोल असं काहीतरी म्हणून ठेवून दिला.

गुरुवार, १५ जानेवारी

मतदान करून आले. बोटाला शाई. दिवसभर त्या बोटाकडं बघत होते. अतुलला सांगितलं, उद्या सुट्टी टाक, पोरीला शाळेतून तू आण. तो म्हणाला, "टाकलीय."

शुक्रवार, १६ जानेवारी २०२६

तेल सांडलं नव्हतं.

पानं कपाटात होती, साड्यांखालच्या पेपरात. सकाळी खळ करून परत चिकटवली. अकराला वकीलबाईंबरोबर आर्थिक गुन्हे शाखेत जायचंय, फोन आणि ही वही दोन्ही द्यायचीत. अक्षर लागत नाही असं कुणी म्हणू नये म्हणून त्यातलं एक पान इथं जसंच्या तसं उतरवते. खाली सही करते.

"रविवार, १९ जानेवारी २०२५. वाणाची आयडिया माझी! सर फोनवर म्हणाले, मोनिका, तू तर माझ्या पुढं गेलीस. एका दुपारी बावीस खाती! पण भाव फिरवायला त्यांना तेवीस हवी होती, एक कमी. आणि बायका संपल्या. आत्या मोरीत डबे विसळत बसली होती. म्हटलं, विधवा तर विधवा, फोटोत काय कळतंय. कुंकू टेकवलं की दिसेल चारचौघींसारखी. आशाबाई कुरकुरल्या, त्यांना सुनावलं, तेवढाच आपला मोठेपणा. आत्या तर रडायलाच लागली, फोटो हलायला लागला. म्हटलं, गप बस गं एक मिनिट. मग तिचा अंगठा धरून मीच टेकवला. झाली तेवीस!"